"स्वादुपिंड गॅसमुळे दिसले नाही" या ओळीचा अर्थ काय घ्यायचा?

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारले आहे. त्यांच्या बाबांचे वय ६३. दोन महिन्यांपासून बेंबीच्या वर दुखते, दुखणे पाठीत जाते, रात्री आडवे झाले की वाढते आणि पुढे वाकून बसले की जरा बरे वाटते. एवढ्यात वजन सहा किलो उतरले. सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये लिव्हर, पित्ताशय, किडन्या सगळे नॉर्मल, आणि स्वादुपिंडापुढे एकच ओळ: "पॅनक्रिया ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस". खाली निष्कर्ष, "नो सिग्निफिकंट ॲबनॉर्मलिटी", म्हणजे विशेष दोष नाही. तो पाहून गावातल्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या सुरू केल्या. ताई विचारतात: मशीन साधे होते म्हणून दिसले नाही का, पुन्हा सोनोग्राफी करावी का, की सरळ सीटी स्कॅनच करावा?

ताई, उत्तर आधी सांगते, म्हणजे बाकीचे शांतपणे वाचता येईल. बाबांचा सीटी स्कॅन करून घ्या, आणि तो याच आठवड्यात करा. मध्ये पुन्हा सोनोग्राफी झाली आणि ती चांगली आली, तरीही करा. साठीपुढचे वय, पाठीत जाणारे दुखणे आणि कारणाशिवाय उतरलेले वजन, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की एकट्या सोनोग्राफीवर विसंबून राहता येत नाही. याचा अर्थ काही वाईटच निघेल असा मुळीच नाही. अल्सर असू शकतो, स्वादुपिंडाचा जुना दाह असू शकतो. पण स्वादुपिंड कुणीतरी पाहायला हवे, आणि आजपर्यंत ते कुणी पाहिलेलेच नाही. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीने तुम्हाला जो दिलासा दिला, तो देण्याइतके त्या दिवशी स्क्रीनवर काही दिसलेच नव्हते.

या ओळीचा घोळ मी रोज पाहते. मी सत्तावीस वर्षे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत सोनोग्राफी करते आहे. लोक रिपोर्ट हातात घेतात, त्यात गॅस हा शब्द दिसतो, आणि घरी जाऊन सांगतात, "काही नाही, गॅस आलाय." म्हणजे आम्ही लिहिलेली अडचण लोक आजाराचे नाव म्हणून वाचतात. गॅस तुमच्या पोटात आहे, माझ्या पोटात आहे, ठणठणीत माणसाच्या पोटातही आहे. त्या ओळीतला गॅस म्हणजे मला आणि त्या अवयवाला आड आलेला पडदा. त्यावर गोळी देऊन दुखण्याचे कारण कळत नाही.

पडदा का येतो ते समजून घ्या. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी पोटात जातात, आतल्या थरांवर आपटून परत येतात आणि त्या परतीच्या लहरींचे चित्र होते. पाण्यातून, मांसातून, लिव्हरमधून त्या सहज जातात. पण मांस संपून हवा सुरू झाली की जवळजवळ सगळी लहर तिथूनच उलट फिरते, पलीकडे काही पोचत नाही. म्हणून तर आम्ही पोटाला ते गार जेल लावतो, प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा मशीनचा हातातला भाग, आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थरही राहू नये म्हणून. हर्णै, मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवाल्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यांच्या बोटीवरचे फिश फाइंडर याच तत्त्वावर चालते आणि माशाच्या पोटातली हवेची पिशवीच सर्वांत ठळक उमटते. त्यांना हवेमुळे मासा सापडतो. आम्हाला हवेमुळेच स्वादुपिंड सापडत नाही.

आणि स्वादुपिंड बसलेय तरी कुठे? पोटाच्या अगदी मागच्या भिंतीला, मणक्याच्या पुढ्यात आडवे. लांबी साधारण १२ ते १५ सेंटीमीटर. उजवीकडचे डोके लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात बसवलेले, मधला भाग मणक्यावरून ओलांडून गेलेला, आणि शेपूट डाव्या बरगड्यांखाली प्लीहेपर्यंत पोचलेली. समोर जठर, खालून मोठे आतडे, दोन्हींत हवा. पोटातल्या बाकी अवयवांना कुठून ना कुठून खिडकी मिळते. याच्या दाराशीच हवेची दोन भांडी ठेवलेली आहेत.

आता तुमचा पहिला प्रश्न. मशीनचा दर्जा महत्त्वाचा आहे हे खरे, पण गॅसपुढे महागडे मशीनही थांबते. जास्त फरक पडतो तो रुग्ण कसा आला, आणि तपासणाऱ्याने त्याच्यासाठी किती वेळ काढला याचा.

रुग्ण कसा येतो हे मला इथे बसून दिसते. सकाळी साडेपाचची एसटी पकडायची, तालुक्याला यायचे, नंबर लावायचा. निघताना घरातली माणसे म्हणतात उपाशी नको जाऊस, म्हणून वाटीभर पेज पोटात जाते. "जेवलो नाही डॉक्टर, फक्त पेज घेतली." पेज हे जेवणच आहे. दुधाचा चहासुद्धा चालत नाही, त्याने पित्ताशय आकसते आणि मग खडे असले तरी नीट दिसत नाहीत. वाटेत पोट फुगल्यासारखे वाटले म्हणून कुणी स्टँडवर लिंबूसोडा पिऊन येतो, आणि तपासणीच्या ऐन आधी पोटात बुडबुडे भरतो. कुणी रांगेत बसल्या बसल्या दोन विड्या ओढतो, धुराबरोबर हवाही गिळतो. मग टेबलावर आल्यावर स्क्रीनवर नुसते पांढरे धुके.

म्हणून सकाळची पहिली वेळ मागून घ्यायची. आदल्या रात्री आठच्या आसपास हलके जेवण, नंतर काही नाही. सहा ते आठ तास पोट रिकामे हवे. साधे पाणी थोडे थोडे चालते, नेहमीची ब्लडप्रेशरची गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घ्यावी. डायबेटीस असेल तर सकाळची गोळी किंवा इन्शुलिन उपाशीपोटी घ्यायचे नाही. त्याचे काय करायचे ते आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवायचे. नारळपाणी चालेल का हे सगळे विचारतात. नंतर प्या, आधी नको.

एवढे करूनही गॅस असतोच. तिथून पुढे आमचे काम सुरू होते, आणि ते काम नीट झाले का हे रुग्णाच्या नातेवाइकांनाही कळू शकते, म्हणून जरा तपशिलात सांगते.

मी प्रोब छातीच्या हाडाच्या लगेच खाली आडवा ठेवते. रुग्णाला सांगते, मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा. श्वास घेतला की लिव्हर खाली सरकते, तिचा डावा भाग स्वादुपिंडासमोर येतो, आणि लिव्हरमधून लहरी आरामात जातात. तेवढ्याने काम झाले नाही तर म्हणते, आता श्वास न घेता पोट फुगवा, बेडकासारखे. त्याच वेळी प्रोब हळूहळू दाबते. घाई केली तर पोट कडक होते आणि सगळे फुकट जाते. उच्छ्वासाबरोबर थोडे दाबायचे, थांबायचे, पुन्हा थोडे. दाबाने आतड्यातली हवा बाजूला सरते आणि स्क्रीनवरचे धुके मधोमध फाटते.

ते फाटले की मी सर्वांत आधी स्वादुपिंड शोधत नाही, पळी शोधते. माझ्या विद्यार्थ्यांना हे ऐकून ऐकून पाठ झालेय. प्लीहेकडून येणारी स्प्लेनिक व्हेन ही रक्तवाहिनी स्वादुपिंडाच्या पाठीमागून आडवी येते आणि डोक्याजवळ दुसऱ्या मोठ्या शिरेला मिळते. स्क्रीनवर ती काळी दिसते: लांब बारीक दांडा आणि रुग्णाच्या उजव्या बाजूच्या टोकाला गोल वाटी. देवघरातली पळी आडवी ठेवावी तशी. पळीच्या मागे एक काळा ठिपका, भोवती पांढरे कडे, जणू डोळा. ती आतड्याला रक्त नेणारी धमनी. तिच्यामागे महाधमनी, आणि त्यामागे मणक्याची सावली. पळी आणि डोळा सापडले की पळीच्या वरच्या अंगाला जे राखाडी, बारीक दाण्याचे, लिव्हरइतके किंवा तिच्याहून किंचित उजळ दिसते, ते स्वादुपिंड. पळीच्या वाटीपुढे त्याची मान, वाटीच्या उजवीकडे डोके, दांड्यावर मधला भाग. त्याच्या पोटातून एक बारीक नळी गेलेली असते, तिची रुंदी दोन-तीन मिलिमीटर. ती स्वच्छ दोन रेघांसारखी दिसली की माझा जीव भांड्यात पडतो.

इथे फसायलाही होते. जठराच्या मागच्या भिंतीतला स्नायूचा थर हुबेहूब त्या नळीसारखा दिसतो. प्लीहेकडे जाणारी धमनी नागमोडी असते, तीही नळी वाटू शकते. तिच्यावर कलर डॉप्लर, म्हणजे वाहते रक्त रंगात दाखवणारी मशीनची सोय, लावला की रंग भरतो आणि शंका मिटते. अन्नाने भरलेले आतडे डोक्यातली गाठ वाटते. पाच मिनिटे थांबून पुन्हा पाहिले तर ते हललेले असते, गाठ हलत नाही. डोक्याचा मागचा भाग काहींत मुळातच जास्त काळपट असतो, कारण तिथे चरबी कमी साठते. त्याला गाठ समजून घरचे लोक रात्रभर रडलेले मी पाहिले आहेत.

हे सगळे पाठीवर झोपवून जमले नाही तर पाणी. जवळजवळ अर्धा लिटर साधे, फेस नसलेले पाणी, शक्यतो नळीने, घोटाबरोबर हवा जाऊ नये म्हणून. पित्ताशय आधी तपासून घेते आणि मगच पाणी देते. प्यायल्यावर दोन-चार मिनिटे थांबायचे, बुडबुडे वर जाऊ द्यायचे. मग जठर हे हवेचे भांडे न राहता पाण्याची खिडकी होते. रुग्णाला बसवले की हवा वर जठराच्या घुमटात जाते आणि मधला भाग समोर येतो. उजव्या कुशीवर वळवले की पाणी आतड्याच्या वळणात उतरते आणि डोके उजळते. डाव्या कुशीवर वळवले की पाणी डावीकडे साठते आणि त्यातून शेपटीकडे पाहता येते. आणि शेपटीसाठी एक मागचे दारही आहे: डाव्या बरगड्यांच्या फटीतून, प्लीहेतून आत बघायचे. उलट्या होत असलेल्याला किंवा त्याच दिवशी भूल द्यायची असेल त्याला मात्र पाणी द्यायचे नाही.

या सगळ्याला दहा मिनिटे जास्त लागतात. सकाळी चाळीस रुग्ण बाहेर बसलेले असताना ती दहा मिनिटे काढणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. पण वरच्या पोटात दुखते म्हणून आलेल्या माणसासाठी ती काढायलाच हवीत, हे मी एका रुग्णाकडून शिकले.

२००३ सालची गोष्ट. मालवणकडची एक मासळी विकणारी बाई आली होती, पन्नाशीची. डाव्या कुशीत आणि पाठीत दुखायचे. म्हणाली, "माका वाटला गॅस आसतलो." मीही टेबलावर घेतले, डोके दिसले, मधला अर्धा भाग दिसला, पुढे जठरातली हवा. बाहेर गर्दी होती. मी लिहिले, "पॅनक्रिया नॉर्मल". तीन महिन्यांनी तिला दोघांनी धरून आणले तेव्हा पोटात पाणी झाले होते आणि लिव्हरमध्ये गाठी होत्या. या खेपेला मी तिला डाव्या कुशीवर वळवून बरगड्यांमधून पाहिले. शेपटीत लिंबाएवढी काळपट गाठ होती. तीन महिने आधी कळले असते तर ती वाचली असती, असे मी म्हणत नाही. शेपटीतला कर्करोग दुखायला लागतो तोवर बहुधा पसरलेला असतो. पण तिच्या माणसांना ते तीन महिने मिळाले असते. तिच्या मुलीने मला काहीच दोष दिला नाही, माझे आभार मानून गेली. ते मला अजून सहन होत नाही.

त्या दिवसापासून माझ्या रिपोर्टमध्ये स्वादुपिंडाला एका शब्दात निकाल नसतो. डोके दिसले का, मान आणि मधला भाग दिसला का, शेपूट दिसली का, हे वेगवेगळे लिहिते. जे दिसले नाही ते निष्कर्षातही लिहिते आणि पुढे काय करावे तेही लिहिते. तुमच्या बाबांच्या रिपोर्टमध्ये ती ओळ आत कुठेतरी आहे आणि निष्कर्षात नाही. खटकते ते हे. ज्यांनी तपासले त्यांनी खोटे काही लिहिलेले नाही. पण रुग्ण आणि घाईतला डॉक्टर, दोघेही शेवटची ओळच वाचतात.

आता सीटीकडे. सीटीवाल्यांना "पोटाचा सीटी" एवढेच सांगू नका. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून "पॅनक्रियाटिक प्रोटोकॉल" असे लिहून घ्या. यात शिरेतून औषध देऊन दोनदा चित्रे घेतात: साधारण ४०–४५ सेकंदांनी, जेव्हा स्वादुपिंड सर्वांत उजळ असते आणि त्यातली गाठ काळी उठून दिसते, आणि पुन्हा ६५–७० सेकंदांनी, शिरा आणि लिव्हर पाहण्यासाठी. साध्या सीटीत छोटी गाठ निसटू शकते. आधी रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, करून न्या. पूर्वी कधी अशा औषधाची ॲलर्जी आली असेल तर ते तिथे आवर्जून सांगा, आणि डायबेटीसची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर तेही.

सीटीतही शंका राहिली तर पुढची पायरी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडची. ही सुद्धा सोनोग्राफीच, पण प्रोब तोंडावाटे जठरात जातो. हवेच्या ज्या भांड्याने आम्हाला इतका त्रास दिला त्याच्या आतच जाऊन बसायचे आणि भिंतीपलीकडे एक-दोन सेंटीमीटरवर असलेल्या स्वादुपिंडाकडे बघायचे. बारीक गाठ दिसते, तिथूनच सुईने तुकडाही घेता येतो. यासाठी आपल्याकडच्या लोकांना बहुधा घाट चढून कोल्हापूर-पुण्याला किंवा मुंबईला जावे लागते. म्हणून आधी सीटी, आणि गरज असेल तरच तो प्रवास.

सीए १९-९ ही रक्ताची तपासणी कुणी स्वतःहून करायला सांगेल. चाळणी म्हणून ती उपयोगी नाही. साध्या खड्यांमुळे कावीळ झाली तरी ती वाढते, आणि काही लोकांच्या रक्तात तो पदार्थ तयारच होत नाही, त्यामुळे कर्करोग असूनही ती नॉर्मल येते. आधी चित्र, मग हे आकडे.

बाबांचे डोळे पिवळे दिसायला लागले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. न दुखता आलेली कावीळ स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या गाठीची खूण असू शकते. तिथून पित्ताची नळी जाते, गाठीने ती दाबली जाते. अशा वेळी सोनोग्राफी फार कामाची: गाठ दिसो न दिसो, पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी दोन्ही फुगलेल्या शेजारी शेजारी दिसतात, आणि ते पाहून आम्ही पुढचा स्कॅन ताबडतोब सुचवतो. वाडीतल्या वैद्याकडे पाला-औषध घ्यायला लोक जातात आणि महिना जातो. त्यांच्या श्रद्धेचा मला अनादर नाही, पण आधी नळी पाहून घ्या.

बाबांबद्दल नव्हे, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी, सोनोग्राफी कुठे पुरते आणि कुठे नाही हेही सांगते.

अचानक असह्य दुखणे, उलट्या, आणि रक्तात लायपेज किंवा अमायलेज ही स्वादुपिंडाची पाचक द्रव्ये नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, म्हणजे स्वादुपिंडाचा तीव्र दाह. दुखणे तसेच आणि रक्त तसे असेल तर निदान झाले, त्यासाठी सोनोग्राफीत सूज दिसलीच पाहिजे असे नाही. पहिल्या दिवशी स्वादुपिंड अगदी नॉर्मलही दिसू शकते, आणि आतडी सुस्तावून हवेने भरलेली असल्यामुळे तीन-चार रुग्णांमागे एकाचे दिसतच नाही. मग सोनोग्राफी का? खड्यांसाठी. पित्ताशयात खडे आहेत का आणि पित्ताची नळी फुगली आहे का, हे सोनोग्राफीइतके चांगले सीटीही सांगत नाही. खड्यामुळे झालेला सौम्य दाह असेल तर हॉस्पिटलच्या त्याच मुक्कामात पित्ताशय काढून टाकणे चांगले. "आत्ता बरे वाटते, गणपती झाल्यावर बघू" म्हणून घरी गेलेली माणसे दुसऱ्या झटक्याने परत येतात, आणि दुसरा झटका पहिल्यासारखाच सौम्य असेल याची खात्री कुणी देत नाही. सीटीसाठीही पहिल्याच दिवशी धावू नये. किती भाग निकामी झाला हे ७२ तासांनंतर नीट कळते.

दाहाच्या चार आठवड्यांनंतर पाणी साठून गळू झाले तर पुन्हा सोनोग्राफीची पाळी. आत नुसते पाणी आहे की मेलेल्या भागाचा गाळ, हे सीटीपेक्षा आम्हाला चांगले दिसते. एक गोष्ट तरुण सहकाऱ्यांना हात जोडून सांगते: अशा गळूत सुई घालण्याआधी कलर डॉप्लर लावाच. पाण्याचे वाटणारे गळू कधी कधी फुटायला आलेल्या धमनीचा फुगा असतो. काळ्या गोळ्यात लाल-निळे भोवरे फिरताना दिसले की हात मागे घ्यायचा.

या तीव्र दाहाची दारू आणि खडे ही दोन मोठी कारणे. रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी १००० च्या वर गेली की त्यानेही होते. विंचू चावल्याने होते का, हे इथे हमखास विचारतात. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाचे किती जीव वाचवले हे साऱ्या कोकणाला माहीत आहे. स्वादुपिंडाला सूज आणणारा म्हणून गाजलेला विंचू मात्र त्रिनिदादचा. आपला लाल विंचू मुख्यतः हृदयावर घाला घालतो.

आणि एक आजार असा, जिथे सोनोग्राफी एका नजरेत सांगते. बोटीवर खलाशी असलेला चोवीस वर्षांचा मुलगा आला होता, दारूला कधी शिवलेला नाही, हाडांचा सापळा, साखर पावणेचारशे. प्रोब ठेवला आणि पळी शोधायची गरजच पडली नाही. स्वादुपिंड आकसून पातळ झालेले, नळी नऊ मिलिमीटर फुगलेली, आणि तिच्यात पांढरेशुभ्र खडे, प्रत्येकामागे काळी सावली. उष्णकटिबंधातला हा खडे करणारा दाह. झुइडेमा यांनी १९५९ मध्ये इंडोनेशियात त्याचे वर्णन केले आणि केरळात डॉ. गीवर्गीस यांनी त्याचा आयुष्यभर अभ्यास केला. एके काळी कसाव्याच्या कंदावर संशय होता, ज्याचा आपण साबुदाणा करतो. पुढे जनुकांकडे, विशेषतः स्पिंक-१ कडे, लक्ष गेले, तेव्हा उपासाच्या खिचडीला घाबरू नका. पण बारीक तरुण पोराला डायबेटीस आणि जुनी पोटदुखी असेल तर केवळ साखरेच्या गोळ्या न देता एकदा पोटाची सोनोग्राफी करायला सांगा.

"पॅनक्रिया बल्की" (मोठे) किंवा "फॅटी" (चरबीचे) एवढ्या शब्दांवरून मात्र झोप उडवून घेऊ नका. तरुण माणसाचे स्वादुपिंड मोठे आणि काळपटच असते, वयाबरोबर ते लहान आणि पांढुरके होत जाते. दुखणे नाही, रक्त नॉर्मल, नळी नॉर्मल, तर वजन आटोक्यात ठेवणे एवढेच काम.

ताई, बाबांना प्रवास झेपत नाही म्हणून मशीन घरी आणता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे. येत नाही. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीन नोंदवलेल्या जागेशी बांधलेले असते. उचलून न्यायची परवानगी आम्हाला नाही, आणि तो कायदा योग्यच आहे.

सीटीला जाताना जुना रिपोर्ट, फिल्म आणि रक्ताचे सगळे कागद एका पिशवीत घ्या. तिथल्या डॉक्टरांना तोंडाने सांगा: दुखणे पाठीत जाते, वाकल्यावर कमी होते, दोन महिन्यांत सहा किलो वजन गेले, सोनोग्राफीत स्वादुपिंड दिसलेले नाही. एवढी चार वाक्ये चिठ्ठीवर क्वचितच असतात, आणि ती कानावर पडली की आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. रिपोर्ट आला की निष्कर्षावर उडी मारू नका. स्वादुपिंडाचा परिच्छेद काढा आणि डोके, मधला भाग, शेपूट या तिघांबद्दल लिहिले आहे का ते पाहा. एखाद्याबद्दल काही नसेल तर खिडकीवरून न हलता तिथेच विचारा.